राखीव अर्धा तास

सकाळचे साडेसहा वाजले होते. तालुक्याच्या गावाबाहेरची एक छोटी धावपट्टी, तिच्याभोवती तारेचे कुंपण, पलीकडे उसाचे फड आणि अलीकडे एका बाभळीखाली मी. "मामा, तू इथंच थांब हं, पुढे यायचं नाही," असे भाचीने बजावले होते. वैमानिक व्हायचे वेड तिला दहावीपासून लागलेले. ते पुरवण्यासाठी काढलेल्या कर्जाला जामीनदार म्हणून सही माझी. उभी हयात बँकेत दुसऱ्यांच्या जामिनाचे कागद तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर स्वतःच जामीन राहिलो! पण त्या दिवशी मी तिथे गेलो होतो तो कर्जाच्या काळजीने नव्हे. बहिणीने फोनवर गळच घातली होती. "दादा, तू एकदा स्वतः बघून ये. ते विमान कसलं, माणसं कशी... मला मेलीला त्यातलं काय कळणार?"

मला तरी काय कळणार होते? पण बँकेत राहिलेल्या माणसाला सगळे कळते, असा आमच्या घरात एक जुना समज आहे. तो मोडायची हिंमत मला अजून झालेली नाही.

विमान पाहिले आणि छातीत थोडे धस्स झाले. सेसना १५२ जातीचे, दोन माणसांचे. आतून आमच्या जुन्या फियाटपेक्षाही अरुंद. भाची हातात एक कागद घेऊन त्याच्याभोवती फिरत होती. इथे हात लाव, तिथे वाकून बघ. मग ती पायरीवर पाय देऊन वर चढली, पंखावरचे एक झाकण फिरवून काढले आणि आत चक्क एक काठी बुडवली. काठी बाहेर काढून किती ओली झाली ते पाहिले आणि कागदावर आकडा लिहिला. दुसऱ्या पंखावरही तेच. आमच्या लहानपणी रेशन दुकानदार रॉकेलच्या पिंपात काठी घालून बघत असे, अगदी तसे. त्यानंतर पंखाखालून एका पारदर्शक नळकांड्यात थोडे पेट्रोल काढून तिने ते उजेडात धरले, निरखून पाहिले आणि मगच ती आत बसली.

तासाभराने ती उतरली. धावपट्टीबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी विचारले, "अगं, एवढ्या महागाच्या विमानाला पेट्रोलचा काटा नाही का?"

"आहे की. दोन आहेत. काटा काय सांगतो ते बघायचं, पण मानायचं ते काठीचं."

या एका वाक्याने मी तीस-पस्तीस वर्षे मागे गेलो. बँकेतही आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवले होते. वही काय सांगते ते बघायचे, पण मानायचे ते तिजोरीतल्या नोटांचे. रोज संध्याकाळी वहीतली शिल्लक आणि हाताने मोजलेली रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद करायची नाही. ती दोन किल्ल्यांनी बंद व्हायची. एक किल्ली हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. म्हणजे दोन माणसांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची. या व्यवस्थेत चूक व्हायला जागाच नाही, असे मला तेव्हा वाटत असे.

त्या सकाळनंतर मला छोट्या विमानांचा नादच लागला. पुस्तके आणली, अपघातांचे अहवाल वाचले, भाचीला प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यातून जे उमगले ते सांगतो. कारण ते विमानात कधीही न बसणाऱ्या माणसाच्याही उपयोगाचे आहे.

तिच्या या विमानाच्या दोन्ही पंखांतल्या टाक्या मिळून सुमारे ९८ लिटर पेट्रोल मावते. पण हिशेबात धरायचे ते ९३ लिटरच. उरलेले पाच-सहा लिटर टाकीच्या तळाशी राहते, ते इंजिनापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. बचत खात्यातली किमान शिल्लक असते ना, तसेच. खात्यात दिसते, पण आपली नव्हे. नेहमीच्या वेगाने जाताना इंजिन तासाला साधारण २३ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे ९३ लिटरचे झाले चार तास. वैमानिकाच्या मनात पेट्रोल लिटरमध्ये नसतेच मुळी, ते घड्याळात असते. "किती पेट्रोल आहे?" या प्रश्नाचे खरे उत्तर "चार तास" असे.

आणि हे चार तासही पुरते चार नव्हेत. धावपट्टीपर्यंत जाण्यात, उड्डाणात आणि उंची गाठण्यात जास्त पेट्रोल जाते. वर हवा विरळ होते तसे पेट्रोलचे प्रमाण वैमानिकाने एका दांड्याने कमी करायचे असते. तो ते विसरला, तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त जळते. आणि मग वारा. वाऱ्याचा हिशेब तर मला फारच आवडला. समजा, १८० किलोमीटरवरच्या गावी जाऊन परत यायचे आहे आणि विमानाचा वेग ताशी १८० आहे. वारा नसेल तर जायला एक तास, यायला एक तास. आता जाताना समोरून ताशी ४५ किलोमीटरचा वारा आहे. परतताना तोच पाठीमागून येणार. जे गेले ते परत मिळेल, असे आपल्याला वाटते. पण जाताना वेग उरतो १३५, म्हणजे लागतात ८० मिनिटे. येताना वेग होतो २२५, म्हणजे ४८ मिनिटे. बेरीज १२८. आठ मिनिटे गेली ती गेलीच! वारा उसने घेतो ते पुरते फेडत नाही. असे बरेच खातेदार मी पाहिले आहेत.

म्हणून नियम असा की, मुक्कामी पोहोचल्यावरही टाकीत काही पेट्रोल उरलेच पाहिजे. अमेरिकेतल्या नियमानुसार, नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाने दिवसा निदान अर्धा तास आणि रात्री पाऊण तास पुरेल एवढे पेट्रोल राखून निघायचे असते. हे पेट्रोल जळण्यासाठी नाहीच. ते आकस्मिक खर्चासाठी. उतरायच्या जागी अचानक ढग आले, धावपट्टीवर दुसरे विमान अडकून पडले, वाट चुकली, तर.

आपल्या पिढीला "रिझर्व्ह" हा शब्द स्कूटरने शिकवला. भर रस्त्यात गाडी गचके खात बंद पडायची, मग पायाजवळची कळ "रिझर्व्ह"वर करायची. तरीही नाही झाली सुरू, तर ती अंगावर आडवी करून तळातला थेंब न् थेंब इंजिनाकडे वळवायचा. मागे बसलेल्या सौभाग्यवती तोवर पदर सावरत रस्त्याच्या कडेला उभ्या! पण स्कूटरचा तो राखीव साठा कारखान्याने करून दिलेला होता. भाचीच्या विमानात अशी कळ नाही. टाकीत राखीव पेट्रोल वेगळे काढलेले नसते, त्यावर रेघ नसते, कुलूप नसते. शेवटच्या अर्ध्या तासाचे पेट्रोल हे आधीच्या साडेतीन तासांच्या पेट्रोलसारखेच असते. ते राखीव आहे हे फक्त वैमानिकाच्या मनात लिहिलेले असते. आणि मनातले लिखाण खोडायला खोडरबरही लागत नाही.

इंजिनाची ताकद जाण्याचे कारण केवळ पेट्रोल संपणे हेच नसते, हेही इथे सांगितले पाहिजे. पेट्रोलमध्ये पाणी असू शकते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, पाणी जड म्हणून तळाशी बसते आणि नेमके तेच आधी इंजिनाकडे जाते. भाची नळकांड्यात पाहत होती ती हेच पाणी. शिवाय रंगही. या विमानांचे पेट्रोल निळसर असते. मोठ्या जेट विमानांचे इंधन चुकून भरले गेले, तर रंगावरून आणि वासावरून संशय यावा.

दुसरा शत्रू त्याहून चमत्कारिक. बर्फ! आपल्याकडच्या पावसाळी, २५ अंशांच्या हवेतही इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, हे वाचून मला आधी खरे वाटेना. मग घरातला माठ आठवला. माठातले पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता ओढून नेते, म्हणून पाणी गार. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, शिवाय अरुंद जागेतून जाताना हवाही थंड होते. हवेत दमटपणा असेल तर त्या चिंचोळ्या जागेत बर्फ साचून इंजिनाचा गळा आवळला जातो. हे एकदम होत नाही. फेरे हळूहळू कमी होत जातात. उपाय सोपा आहे, गरम हवा आत सोडणारी एक मूठ ओढायची. पण बर्फ वितळून पाणी इंजिनात गेले की इंजिन आधी आणखीच खडखडते. नवखा माणूस घाबरून मूठ परत ढकलतो. औषधाने पहिल्या दिवशी पोट बिघडले म्हणून औषधच सोडून देणाऱ्या रुग्णासारखे.

आणि समजा, इंजिन बंदच पडले. तर काय, विमान दगडासारखे खाली येते? बहिणीची हीच समजूत होती. माझीही होती. पण ते तरंगत, घसरगुंडीवरून यावे तसे उतरते. तीन हजार फुटांवरून अशा विमानाला सुमारे आठ किलोमीटर जाता येते. तेवढ्या वेळात नाक योग्य कोनात धरून वेग सांभाळायचा, उतरण्याजोगे शेत हेरायचे, पेट्रोलची कळ, गरम हवेची मूठ, ठिणगीची चावी तपासून इंजिन पुन्हा चालू होते का पाहायचे आणि रेडिओवरून हाक द्यायची. क्रम महत्त्वाचा. आधी विमान उडवायचे, मग बाकीचे. भाचीला हे इतक्या वेळा घोटून घ्यावे लागले की एकदा जेवताना ती वरणाच्या वाटीकडे बघत तेच पुटपुटत होती.

क्रम चुकला की काय होते, याचे एक दुःखद उदाहरण जगाला ठाऊक आहे. डोंगरांची आणि गावाकडच्या वाटांची गाणी गाणारा अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत त्याचे छोटे विमान समुद्रात कोसळले आणि तो गेला. वय ५३. नवशिका नव्हता, अडीच हजारांहून अधिक तास उडालेला. विमान मात्र नुकतेच विकत घेतलेले, एका हौशी माणसाने घरी बांधलेले. कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारी कळ मूळ आराखड्यात पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली. हेतू चांगला, पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत. पण ती फिरवायची तर अंग वळवावे लागे, आणि अंग वळवताना उजवा पाय सुकाणूवर दाबला जाण्याचा धोका. पेट्रोल दाखवणाऱ्या काचाही पाठीमागेच. त्या दिवशी तळावरच्या कारागिराने त्याला मागे बघायला आरसा देऊ केला. पेट्रोल भरायचे का, असेही विचारले गेले. तासाभराचेच तर उड्डाण आहे, नको, असे तो म्हणाला. चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा की, ती कळ फिरवण्याच्या खटपटीत त्याचे विमानावरचे लक्ष उडाले आणि ताबा सुटला. पेट्रोल न भरणे, तयारी अपुरी असणे हीही कारणे नोंदवली गेली.

त्याच मंडळाने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, २०१७ साली वैमानिकांसाठी एक इशारा काढला. २०११ ते २०१५ या काळात पेट्रोलच्या चुकीच्या नियोजनामुळे त्या देशात दरवर्षी सरासरी ५० हून अधिक अपघात झाले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अपघातांत पेट्रोल सरळ संपलेच होते. सुमारे एकतृतीयांश अपघातांत पेट्रोल होते, पण इंजिनापर्यंत गेले नाही. यंत्राचा दोष आढळला तो पाच टक्क्यांहूनही कमी ठिकाणी. पण मी थबकलो तो पुढच्या ओळीवर. या अपघातांतले जवळजवळ निम्मे वैमानिक व्यावसायिक परवाना असलेले, मुरलेले होते. शिकाऊ किती? फक्त दोन टक्के.

याचे नवल कोणाला वाटेल, मला वाटले नाही. १९९१ सालची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा शनिवार, बाजारपेठेचे गाव, खिडकीवर झुंबड. आमचे हेडकॅशियर, सगळे त्यांना अण्णा म्हणत, निवृत्तीला आलेले. मी दुसऱ्या किल्लीचा धनी. दिवाळीसाठी घरी जायला पाचची एसटी गाठायची होती. अण्णांनी रोकड मांडली. मी वहीतला आकडा पाहिला, नोटांच्या गड्ड्यांवर नजर फिरवली आणि "मोजून बरोबर" या शब्दांखाली सही केली. नऊ वर्षांच्या नोकरीत असे कधी केले नव्हते, असे म्हणायला मला आवडले असते. खरे असे की, पहिली दोन वर्षे एकेक नोट मोजली, पुढे पुढे गड्ड्या मोजू लागलो आणि अण्णा आहेत म्हटल्यावर नजरच पुरेशी वाटू लागली. सोमवारी पन्नासाच्या नोटांची एक गड्डी कमी निघाली. पाच हजार रुपये. ती कुठे गेली हे कधीच कळले नाही. अण्णांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून भरले. साहेब घाईत होते, असा एक शब्दही ते वर बोलले नाहीत. आणि मीही बोललो नाही.

म्हणून २०१६ सालच्या त्या विमानाची हकीकत वाचताना माझा हात थरथरला. छोटे विमान नव्हते ते, चार इंजिनांचे जेट होते. ब्राझीलच्या एका फुटबॉल संघाला घेऊन बोलिव्हियाहून कोलंबियातल्या मेडेयीनला निघालेले. उड्डाणापूर्वी भरून दिलेल्या कागदावर प्रवासाचा वेळ लिहिला होता ४ तास २२ मिनिटे. आणि पेट्रोल पुरण्याचा वेळ? तोही ४ तास २२ मिनिटे! कारकुनालाही समजावे असा तो कागद. तळावरच्या एका महिला कर्मचाऱ्याने त्यावर बोट ठेवलेही, पण विमान निघाले ते निघालेच. मुक्काम डोळ्यांच्या टप्प्यात असताना पेट्रोल संपले आणि ते डोंगरावर आदळले. ७७ पैकी ७१ माणसे गेली. शिल्लक शून्य दाखवणाऱ्या त्या कागदाखाली कुणाची तरी सही असणार. मोजून बरोबर!

गेल्या हिवाळ्यात भाचीचे एकटीने लांबचे उड्डाण होते. दुसऱ्या एका धावपट्टीवर टेकून परत यायचे. तिथे हे निळे पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे परतीचे इथूनच न्यायचे. सकाळी काठी बुडवली तर नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा दहा लिटर कमी. तिने प्रशिक्षकांना दाखवले. त्यांनी हिशेब केला, जमण्यासारखे होते, पण एक अट घातली. वाटेतल्या धरणावर ठरलेल्या वेळेपेक्षा सहा मिनिटांहून जास्त उशिरा पोहोचलीस, तर पुढे जायचे नाही. समोरून वारा होता. धरणाची भिंत खाली आली तेव्हा तिला आठ मिनिटे उशीर झाला होता. तिने विमान वळवले.

दुपारी तिचा फोन आला. आवाज पडलेला. "मामा, मी अर्ध्यातूनच परत आले. बाकीची दोघं गेली आणि मजेत परत आली. त्यांच्यापाशीही काही फार जास्त पेट्रोल नव्हतं. सगळे हसतायत मला. मीसुद्धा पोचले असते रे!"

"पोचली असतीस," मी म्हणालो. ते खरेच होते. राखून ठेवलेल्याची हीच तर अडचण आहे. ते वापरावे लागले नाही, की उगाच राखले असे वाटते आणि शहाणपणाची पावती कुणी देत नाही. दहा वेळा तो अर्धा तास खर्चूनही माणूस सुखरूप उतरतो, आणि त्या दहा वेळांनाच अनुभव म्हणू लागतो.

हे सगळे मला तिला सांगायचे होते. त्याऐवजी मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली. तीन दशकांत ती मी कुणालाही, तिच्या मामीलासुद्धा, सांगितली नव्हती. माझ्या कादंबऱ्यांत कितीतरी बँका आल्या, ती गड्डी मात्र कधी आली नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग तिने विचारले, "मामा, तू त्यांना तुझे अर्धे पैसे दिलेस का रे?"

"नाही," मी म्हणालो. "देईन देईन म्हणत राहिलो. मग ते निवृत्त झाले. आणि मग गेले."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या सकाळी परत जायचंय. आज संध्याकाळी टाकी भरून ठेवते, म्हणजे रात्री दव धरणार नाही." आणि फोन ठेवला.

पाचच मिनिटांत बहिणीचा फोन. सकाळपासून देवापुढे बसून होती. "दादा, काही कळलं का रे? पोचली का ती?"

"पोचली," मी म्हटले. "जिथून निघाली होती, तिथंच सुखरूप पोचली."